‘सेवाक्षेत्र वाढलं, उत्सर्जन घटलं’ : एका लाडक्या निष्कर्षाची उलटतपासणी

पर्यावरण-अर्थशास्त्रात पीएचडीसाठी विषय शोधत असाल, तर एक शोधनिबंध तुम्ही नक्की वाचला असणार. त्याची शीर्षकं वेगवेगळी असतात, पण निबंध एकच असतो. चीनचे तीस प्रांत, पंधरा-वीस वर्षांची आकडेवारी, समीकरणाच्या डावीकडे कार्बन उत्सर्जन, उजवीकडे ‘औद्योगिक रचना’ आणि सोबत लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, शहरीकरण, परकीय गुंतवणूक वगैरे. रिग्रेशन चालवलं जातं. औद्योगिक रचनेच्या गुणांकाशेजारी तीन तारे लागतात. शेवटच्या परिच्छेदात शिफारस येते की प्रांतांनी आपली औद्योगिक रचना ‘उन्नत’ करावी, जड उद्योगांचा वाटा घटवावा, सेवाक्षेत्राचा वाढवावा, म्हणजे उत्सर्जन कमी होईल.

(तीसच प्रांत का? तर तिबेटची ऊर्जाविषयक आकडेवारी मिळत नाही आणि हाँगकाँग, मकाव, तैवान वेगळे धरले जातात. मुलाखतीत विचारतात हे, म्हणून सांगून ठेवतो.)

आता हाच साचा भारतातल्या राज्यांवर बसवायचा मोह फार होतो. डेटा जमवता येतो, सॉफ्टवेअर येतं, मॉडेल तयार आहे, सिनॉप्सिस महिन्याभरात उभा राहतो. म्हणून आज या साच्याचीच नीट चिरफाड करू. माझं म्हणणं आधीच सांगतो. या निबंधांतला गुणांक बहुतेक वेळा बरोबर असतो. चुकतो तो त्या गुणांकावरून काढलेला शेवटचा परिच्छेद. आणि ती चूक आणखी डेटा गोळा करून किंवा आणखी भारी मॉडेल लावून सुटत नाही, कारण ती प्रश्नातच आहे.

आधी छोट्या तक्रारी

‘औद्योगिक रचना’ म्हणजे नक्की काय मोजलं? बहुतेक ठिकाणी द्वितीयक क्षेत्राचा सकल उत्पादनातला वाटा, किंवा सेवाक्षेत्र भागिले द्वितीयक क्षेत्र. या द्वितीयक क्षेत्राच्या पोतडीत खाणकाम, कारखानदारी, वीजनिर्मिती आणि बांधकाम असं सगळं येतं. म्हणजे ग्वांगदोंगमधली मोबाइल जोडणारी असेंब्ली लाइन आणि हेबेईतली झोतभट्टी, दोन्ही एकाच आकड्यात.

हा फरक किती मोठा आहे बघा. झोतभट्टीच्या मार्गाने एक टन पोलाद बनवताना ढोबळमानाने दोन टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तेच पोलाद भंगार वितळवून विजेच्या भट्टीत बनवलं तर आकडा खूपच खाली येतो, आणि किती खाली येईल ते वीज कशावर बनली त्यावर ठरतं. सिमेंटचं तर आणखी वेगळं आहे. तिथला निम्म्याहून जास्त कार्बन इंधनातून येतच नाही. चुनखडी भाजली की दगडातलाच कार्बन डायऑक्साइड सुटतो. भट्टी उद्या सूर्यप्रकाशावर चालवली तरी तो भाग सुटणारच. मोबाइलच्या असेंब्ली लाइनवर यातलं काही घडत नाही. चीनच्या सांख्यिकी खात्यानेसुद्धा सहा ऊर्जाखाऊ उद्योग वेगळे काढलेत : तेलशुद्धीकरण व कोकिंग, रसायनं, सिमेंट-काच यांसारखी अधातू खनिजं, लोखंड-पोलाद, इतर धातू आणि वीज-उष्णता. सरकार स्वतः सहा उद्योग वेगळे मोजतं आणि संशोधक त्यांना पुन्हा एका पोतडीत कोंबतो, हे थोडं विचित्रच नाही का?

दुसरी तक्रार काया-सूत्राची. जपानी अभ्यासक योइची काया यांच्या नावाचं हे सूत्र तुम्हाला माहीत असेल : उत्सर्जन म्हणजे लोकसंख्या गुणिले दरडोई उत्पन्न, गुणिले उत्पन्नाच्या दर एककामागे लागणारी ऊर्जा, गुणिले ऊर्जेच्या दर एककामागे निघणारा कार्बन. हा सिद्धांत नाही, नुसती ओळख आहे, दोन्ही बाजू एकच. लॉग घेऊन चारही गोष्टी रिग्रेशनमध्ये घातल्या तर प्रत्येक गुणांक एक येईल आणि आर-स्क्वेअरही एक. आता पुष्कळ निबंधांत लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, ऊर्जा-तीव्रता ही तिन्ही असतात आणि चौथीच्या जागी कोळशाचा वाटा असतो. मग आर-स्क्वेअर ०.९७ आला तर त्यात कौतुक कशाचं? गुणाकार बरोबर आला, एवढंच. शिवाय ऊर्जा-तीव्रता स्थिर धरून औद्योगिक रचनेचा परिणाम मोजायचा, यालाही फारसा अर्थ नाही. रचना बदलली की उत्सर्जन बदलतं ते मुख्यतः ऊर्जा-तीव्रतेतूनच. ज्या वाटेने परिणाम यायचा तीच वाट बंद करून ‘परिणाम किती?’ असं विचारण्यासारखं आहे ते.

तिसरी तक्रार आकड्यांची. चीनच्या प्रांतांचं उत्सर्जन कोणी चिमणीवर यंत्र लावून मोजत नाही. ऊर्जेच्या ताळेबंदातून इंधनाचा वापर घ्यायचा, त्याला उत्सर्जन-गुणक लावायचा. दाबो ग्वान आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये दाखवलं की राष्ट्रीय आकडेवारीतून काढलेलं चीनचं उत्सर्जन आणि प्रांतांच्या आकड्यांची बेरीज यांत २०१० साली १.४ अब्ज टनांचा फरक होता. पुढे २०१५ मध्ये झू लिऊ आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये मांडलं की चीनमधल्या कोळशाचे उत्सर्जन-गुणक हे आयपीसीसीच्या ठरावीक गुणकांपेक्षा सरासरी ४० टक्के कमी आहेत. म्हणजे डावीकडचा आकडाच डळमळीत. आणि ही चूक सगळ्या प्रांतांत सारखी पसरलीय असं मानायला काही आधार नाही. ज्या प्रांतात कोळसा आणि जड उद्योग जास्त, तिथेच चुकायला जास्त जागा.

या तिन्ही तक्रारी परीक्षक काढतात आणि लेखक दुरुस्त्याही करतात. उपक्षेत्रं घेतात, दुसरा डेटासेट वापरून बघतात. तेव्हा यांवर फार थांबत नाही.

आता मुख्य मुद्दा

बीजिंगच्या पश्चिमेला शिजिंगशान भागात शोगांग नावाचा पोलाद कारखाना होता. १९१९ साली सुरू झालेला. राजधानीची हवा आणि ऑलिंपिक या दोन्ही कारणांनी तो हलवायचं ठरलं, २००५ मध्ये मंजुरी मिळाली आणि २०१० च्या अखेरीस शिजिंगशानमधलं पोलाद उत्पादन पूर्ण थांबलं. कारखाना गेला कुठे? सुमारे दोनशे किलोमीटरवर, हेबेई प्रांतातल्या तांगशानजवळ, बोहाय समुद्राच्या काठावर काओफेइद्यानला. बीजिंगमधल्या जुन्या जागेत पुढे उद्यान आणि कार्यालयं झाली. २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्कीवरून उंच उडी घेणारे खेळाडू आणि मागे अवाढव्य शीतमनोरे असं दृश्य टीव्हीवर पाहिलं असेल तुम्ही. तीच ही जागा.

आता आपला साचा हे कसं वाचेल? बीजिंग : द्वितीयक क्षेत्राचा वाटा घटला, सेवाक्षेत्र ८० टक्क्यांच्या पुढे गेलं, उत्सर्जन घटलं. हेबेई : जड उद्योग वाढला, उत्सर्जन वाढलं. दोन्ही बिंदू एकाच रेषेवर सुबक बसतात. रिग्रेशन खूश. पण वातावरणाच्या हिशेबात काय झालं? झोतभट्टी एका तक्त्यातून उठून दुसऱ्या तक्त्यात गेली.

न्यायाने बोलायचं तर हे नुसतं स्थलांतर नव्हतं. काओफेइद्यानच्या भट्ट्या नव्या आणि प्रचंड, प्रत्येकी ५,५०० घनमीटरच्या आहेत. कच्चं लोखंड थेट बंदरात उतरतं. जुन्या भट्टीपेक्षा टनामागे इंधन कमी लागत असणार. पण हा फायदा भट्टी सुधारल्याचा आहे. बीजिंगमध्ये बँका आणि सॉफ्टवेअर कंपन्या वाढल्या म्हणून तो झालेला नाही. आपलं समीकरण मात्र श्रेय देतं ते बँकांना.

एक खेळण्यातलं उदाहरण घेऊ, कागद-पेन्सिल घ्या. समजा दोन प्रांत आहेत, पश्चिम आणि पूर्व. दोघांचं उत्पादन १००, त्यात उद्योग ४० आणि सेवा ६०. उद्योगाच्या प्रत्येक एककामागे उत्सर्जन २, सेवांचं शून्य. म्हणजे प्रत्येकाचं उत्सर्जन ८०, देशाचं १६०. आता १० एककांचा पोलाद कारखाना पश्चिमेकडून पूर्वेला गेला आणि तेवढ्याच सेवा पूर्वेकडून पश्चिमेला आल्या. पश्चिमेचा उद्योग ३०, उत्सर्जन ६०. पूर्वेचा उद्योग ५०, उत्सर्जन १००. देशाचं? १६०च.

यावर रिग्रेशन चालवा. उद्योगाचा वाटा एक टक्क्याने घटला की उत्सर्जन दोनने घटतं. गुणांक २, आर-स्क्वेअर १, यापेक्षा चांगला निकाल मिळणार नाही. आणि शेवटचा परिच्छेद काय म्हणेल? ‘दोन्ही प्रांतांनी उद्योगाचा वाटा १० टक्क्यांनी कमी केल्यास उत्सर्जन ४०ने घटेल.’ पण आपल्या डेटात देशाचं उत्सर्जन एकानेही घटलेलं नाही! पूर्वेचा कारखाना आता कुठे पाठवायचा, हा प्रश्न त्या परिच्छेदाला पडतच नाही.

इथे थोडं तांत्रिक बोलतो, कारण खरी मेख इथे आहे. पॅनेल मॉडेलमध्ये आपण दोन फिक्स्ड इफेक्ट घालतो, प्रांताचा आणि वर्षाचा. वर्षाचा इफेक्ट म्हणजे त्या वर्षी सगळ्याच प्रांतांत जे समान घडलं ते वजा करणं. देशभरात पोलादाची मागणी वाढली, घरबांधणी मंदावली, निर्यात उसळली, हे सगळं त्या इफेक्टच्या पोटात जातं. उरतं ते फक्त प्रांताप्रांतांतलं वेगळेपण, म्हणजे कोणाचा वाटा देशाच्या सरासरीच्या तुलनेत वाढला आणि कोणाचा घटला. गुणांक या उरलेल्या भागातूनच निघतो. आणि शिफारस कशाबद्दल असते? सगळ्या प्रांतांनी एकदम बदलण्याबद्दल. म्हणजे नेमका जो भाग आपण वजा करून टाकला, त्याबद्दल! सगळे मिळून बदलले तर काय होतं, याविषयी हे मॉडेल काहीच बोलत नाही. ते मूग गिळून बसलेलं असतं आणि आपण त्याच्या तोंडी वाक्यं घालतो.

सांख्यिकीच्या भाषेत सांगायचं तर एका घटकावर झालेल्या बदलाचा परिणाम दुसऱ्या घटकावर होत नाही, असं हे मॉडेल गृहीत धरतं. औषधाच्या चाचणीत हे बऱ्याचदा खपतं. मी गोळी घेतली म्हणून तुमचा ताप वाढत नाही. पण कारखाने गोळ्यांसारखे नसतात.

यावर हुशार विद्यार्थी म्हणेल, मग स्पेशियल मॉडेल लावू की! स्पेशियल डर्बिन लावलं की शेजाऱ्यांचा परिणामही येतो. येतो, पण शेजारी कोण हे कोण ठरवतं? सहसा नकाशा : हद्द लागली तर १, नाही तर ०, किंवा अंतराचा व्यस्त. ग्वेइझोऊ प्रांतात कोळशावर बनलेली वीज ग्वांगदोंगला जाते. दोघांच्या मध्ये ग्वांग्शी आहे, हद्द लागत नाही. तुमच्या मॅट्रिक्समध्ये त्या चौकटीत शून्य बसलं. प्रत्यक्षात तिथे उच्चदाबाची वाहिनी आहे. पोलाद, सिमेंट, वीज यांचा शेजार व्यापाराचा असतो, प्रत्येकाचा वेगळा. सिमेंट जड आणि स्वस्त म्हणून फार लांब जात नाही, पोलाद जातं. या सगळ्यासाठी एकच अंतर-मॅट्रिक्स वापरायची आणि ‘स्पिलओव्हर’ मोजला म्हणायचं, हे मला पटत नाही.

मग कोणी नीट केलंय का?

केलंय. कुइश्वांग फेंग, स्टीव्हन डेव्हिस, दाबो ग्वान, क्लाउस हुबाचेक आणि इतरांनी २०१३ साली अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीच्या नियतकालिकात चीनच्या आतल्या ‘कार्बन आउटसोर्सिंग’वर निबंध लिहिला. विषयाला हात घालण्यापूर्वी हा वाचाच. त्यांनी प्रांतांचे इनपुट-आउटपुट तक्ते एकमेकांना जोडले. प्रश्नच बदलला : या प्रांतात किती कार्बन निघाला, याऐवजी या प्रांतात जे वापरलं गेलं त्यासाठी कुठे-कुठे कार्बन निघाला. २००७ सालच्या आकडेवारीवर उत्तर आलं की चीनमधलं ५७ टक्के उत्सर्जन अशा वस्तूंशी जोडलेलं आहे, ज्या बनतात एका प्रांतात आणि वापरल्या जातात त्या प्रांताबाहेर. किनाऱ्यावरच्या पुढारलेल्या प्रांतांच्या उपभोगामागच्या उत्सर्जनापैकी ८० टक्क्यांपर्यंत भाग मध्य आणि पश्चिमेकडच्या मागास प्रांतांतून ‘आयात’ होतो. (‘पर्यंत’ हा शब्द सोडू नका. उद्धृत करताना तो गळाला की वाक्याचा अर्थ बदलतो.)

हे वाचलं की बीजिंगची ‘उन्नत रचना’ वेगळी दिसू लागते. बँकेची काचेची इमारत सेवाक्षेत्रात मोजली जाते, पण तिच्या पायातलं सिमेंट आणि सळ्या दुसऱ्या प्रांताच्या खात्यात असतात.

आणि हा नुसता हिशेबाचा वाद नाही. बाराव्या पंचवार्षिक योजनेत (२०११-१५) चीनने कार्बन-तीव्रता १७ टक्के घटवायचं ठरवलं आणि प्रांतांना वेगवेगळी लक्ष्यं वाटून दिली. पुढे हवेच्या प्रदूषणावरून ओरड झाल्यावर हेबेईने २०१३ मध्ये जाहीर केलं की २०१७ पर्यंत ६ कोटी टन पोलाद क्षमता आणि ६ कोटी टन सिमेंट क्षमता बंद करायची. २०१७ मध्ये बीजिंगने आपलं शेवटचं मोठं कोळसा वीजकेंद्र थांबवलं, त्याचं कौतुकही झालं. हेबेईतली भट्टी बंद पडते तेव्हा नोकरी हेबेईतल्या माणसाची जाते. त्या भट्टीच्या पोलादावर उभं राहिलेलं शहर मात्र तक्त्यात स्वच्छच राहतं. ‘औद्योगिक रचना उन्नत करा’ हा सल्ला बीजिंगला आधीच पाळलेला वाटतो आणि हेबेईला तो पाळताच येत नाही. निदान सगळ्यांनी एकदम तर नाहीच.

पण फेंग आणि मंडळींचा निबंधही देव्हाऱ्यात ठेवू नका. एक तर ते एका वर्षाचं चित्र आहे, चीनचे प्रांतवार तक्ते दर पाच वर्षांनी बनतात. दुसरं, इनपुट-आउटपुट पद्धत धरून चालते की हेबेईच्या ‘पोलाद’ क्षेत्रातून कोणीही एक युआनचा माल घेतला तर त्यामागचा कार्बन सारखाच. मोटारीचा महाग पत्रा आणि बांधकामाची स्वस्त सळई, दोन्हींचा एका युआनमागचा कार्बन सारखा कसा असेल? तिसरं आणि महत्त्वाचं, ही पद्धत जबाबदारी वाटते, परिणाम सांगत नाही. बीजिंगने उद्या इमारती बांधणं थांबवलं तर हेबेईचं उत्सर्जन तितकंच घटेल असं नाही. भाव उतरतील, पोलाद दुसरीकडे विकलं जाईल, निर्यातही होईल. ‘कोणामुळे?’ आणि ‘बदललं तर काय?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पॅनेलवाले दुसऱ्याचं उत्तर दिल्याचा आव आणतात, तक्तेवाले पहिल्याचं देतात. ते निदान तसं सांगतात तरी.

उलट बाजूही मांडायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल की रचना बदलून काही होतच नाही, सगळं शेजारी ढकललं जातं. ते खरं नाही. ग्रॉसमन आणि क्रूगर यांनी १९९१ मध्ये नाफ्ता करारावरच्या निबंधात प्रदूषणातला बदल तीन भागांत वाटला : आकार, रचना, तंत्र. अर्थव्यवस्था किती वाढली, तिच्यात कशाचं प्रमाण बदललं, आणि तीच वस्तू बनवायची पद्धत किती सुधारली. पुढे अ‍ॅरिक लेव्हिन्सन यांनी २००९ मध्ये अमेरिकी कारखानदारीवर हा हिशेब मांडला. अमेरिकेची हवा स्वच्छ झाली ती घाणेरडे उद्योग परदेशी गेल्यामुळे, असं बऱ्याच जणांना वाटत होतं. निघालं वेगळंच, मोठा वाटा तंत्राचा होता. शापिरो आणि वॉकर यांनी २०१८ मध्ये दाखवलं की १९९० ते २००८ या काळात तिथल्या कारखान्यांचं प्रदूषण सुमारे ६० टक्के घटलं, उत्पादन वाढत असताना, आणि त्यामागे मुख्य कारण पर्यावरणाचे कडक होत गेलेले नियम.

पण सावधान, हे सगळं गंधक, नायट्रोजनची ऑक्साइडं, धूलिकण वगैरे स्थानिक प्रदूषकांबद्दल आहे, कार्बन डायऑक्साइडबद्दल नाही. गंधक चिमणीवर यंत्र बसवून पकडता येतं. कार्बनसाठी तसं स्वस्त यंत्र नाही, आणि सिमेंटच्या चुनखडीचं तर वर पाहिलंच. तेव्हा ‘अमेरिकेत तंत्राने झालं, म्हणजे चीनमध्येही होईल’ अशी उडी मारू नका. निबंधातली पद्धत घ्या, निकाल उचलून आणू नका.

आणि आपल्याकडे?

महाराष्ट्रात हाच प्रश्न घ्यायचा असेल तर जिल्हे समोर आहेतच. चंद्रपूरला महानिर्मितीचं २,९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे, वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी आहेत, गडचांदूरच्या बाजूला सिमेंट आहे, बल्लारपूरला कागद. ती वीज राज्याच्या ग्रिडवर जाते आणि हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांचे एसीही त्याच ग्रिडवर चालतात. जिल्हावार पॅनेल केलं तर पुणे ‘उन्नत’ आणि चंद्रपूर ‘मागास रचनेचा’ असं तीन ताऱ्यांनिशी सिद्ध होईल. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात राखेची धूळ खाणाऱ्या माणसाला तो निष्कर्ष वाचून दाखवायचा, एवढंच बाकी राहील.

मुंबईचं उदाहरण त्याहून गुंतागुंतीचं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, गिरणगावात टॉवर आणि कार्यालयं आली. शहराची रचना पुस्तकी अर्थाने ‘उन्नत’ झाली. पण कापड विणायचं थांबलं नाही. ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर गेलं. आणि इथे एक अडचण आहे. वार्षिक उद्योग पाहणी, म्हणजे एएसआय, नोंदणीकृत कारखान्यांची असते. त्यात इंधन आणि विजेचा खर्च उत्तम मिळतो. पण यंत्रमागांचा मोठा भाग या पाहणीच्या बाहेर, असंघटित क्षेत्रात आहे. म्हणजे गिरणी तक्त्यातून गेली आणि माग तक्त्यात आलाच नाही. फक्त एएसआयवर मॉडेल बांधलं तर वस्त्रोद्योगाचं काही उत्सर्जन हवेत विरल्यासारखं दिसेल.

चीनसारखे राज्याराज्यांना जोडणारे अधिकृत इनपुट-आउटपुट तक्ते आपल्याकडे नाहीत. राष्ट्रीय पातळीवरचे पुरवठा-वापर तक्ते आहेत. त्यामुळे फेंग यांची पद्धत जशीच्या तशी करायला गेलात तर निम्मा प्रबंध आंतरराज्य व्यापाराचा अंदाज बांधण्यात जाईल, आणि परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतील. सेबीच्या बीआरएसआर अहवालांत आता मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांचं उत्सर्जन मिळतं, पण ते कंपनीचं एकत्रित असतं, कोणत्या कारखान्याचं किती ते कळत नाही. जिल्ह्याच्या अभ्यासाला त्याचा उपयोग कमी.

म्हणून माझी सूचना छोटी आहे. सगळे उद्योग घेऊ नका, फक्त वीज घ्या. केंद्रीय विद्युत प्राधिकरण वीजकेंद्रांच्या कार्बन डायऑक्साइडचा आधारभूत डेटा प्रसिद्ध करतं, त्यात केंद्रवार, अगदी संचवार आकडे असतात. दुसऱ्या बाजूला जिल्ह्यांच्या सामाजिक व आर्थिक समालोचनात घरगुती, औद्योगिक, शेती असा विजेचा वापर मिळतो, आणि अर्थ व सांख्यिकी संचालनालयाकडून जिल्हा उत्पन्न. यातून प्रत्येक जिल्ह्यासाठी दोन स्तंभ तयार होतात : इथे बनलेल्या विजेचा कार्बन, आणि इथे वापरलेल्या विजेचा कार्बन. मग तेच साधं रिग्रेशन दोनदा चालवा, एकदा पहिला स्तंभ डावीकडे ठेवून, एकदा दुसरा. सेवाक्षेत्राचा गुणांक दोन्हीकडे सारखा येतो का ते बघा. नाही आला, तर दोन गुणांकांमधलं अंतर हाच तुमचा पहिला निकाल. दुसऱ्या स्तंभासाठी ग्रिडचा सरासरी गुणक लावावा लागेल, आणि तो राज्याचा घ्यायचा की देशाचा, यावर तुमच्या गाइडशी पहिला वाद होईल. दोन्ही घेऊन तक्ता आधीच तयार ठेवा.